मराठीला घरात काम हवं

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. नावं नेहमीप्रमाणे वगळली आहेत. नवीन वाचकांसाठी थोडं माझ्याबद्दल: मी मूळची सांगलीची, गेली १६ वर्षं श्टुटगार्टला राहते. नवरा जर्मन, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा. शनिवारी सकाळी इथल्या मराठी मुलांचा वर्ग घेते. मी भाषातज्ज्ञ नाही. जे वाचलं आणि त्यातलं जे घरात करून बघितलं, तेवढंच सांगते.

माझं माहेर नाशिक, नवरा धारवाडचा, घरी कन्नड बोलणारा. आम्ही दोघं एकमेकांशी इंग्रजीत बोलतो. मुलगा नुकताच ४ वर्षांचा झाला आणि इथल्या शाळेत जायला लागला. त्याचं बोलणं सगळं मिसळलेलं असतं. काल म्हणाला, ‘आई, माझी फीट्स कुठाय?’ (फीट्स म्हणजे सायकल.) शाळेतल्या युफ, म्हणजे बाई, म्हणाल्या की घरी एकच भाषा ठेवा, शक्यतो डच, नाहीतर तो मागे पडेल. हल्ली मी मराठीत विचारलं तरी तो डचमध्ये उत्तर देतो. आता कुठली भाषा सोडू? – एक आई, आइंडहोवन (नेदरलँड्स)

एकही सोडू नका. मराठी तर अजिबात नाही.

आधी तुमच्या मुलाचं वाक्य पुन्हा वाचू. ‘आई, माझी फीट्स कुठाय?’ शब्द डच आहे, पण ‘माझी’ कुठून आलं? डचमध्ये ‘माझा-माझी-माझं’ अशी भानगड नाही. सायकल ‘ती’ असते हे त्याला माहीत आहे, म्हणून डच शब्दालाही त्याने मराठीतलं स्त्रीलिंग लावलं. ‘कुठाय’ तर अस्सल आपलं. म्हणजे वाक्याचा सांगाडा पूर्ण मराठी आहे आणि एका खणात डच शब्द बसला आहे. याला गोंधळ म्हणत नाहीत. जो शब्द शाळेच्या अंगणात रोज कानावर पडतो तो आधी तोंडात येतो, एवढंच.

बाईंचा सल्ला मलाही मिळाला होता. थोरली ३ वर्षांची होती, बालवाडीत फारशी बोलत नव्हती. तिथून सांगण्यात आलं की घरी जर्मनच बोला. मी घाबरले आणि ऐकलं. आठ महिने मी माझ्या मुलीशी जर्मनमध्ये बोलले. माझं जर्मन पुण्यात संध्याकाळच्या क्लासला शिकलेलं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. त्या भाषेत मला वीजबिलाची तक्रार करता येते, घरभाड्याचा करार वाचता येतो. पण लेकरू पडून गुडघा सोलवटून आलं की काय म्हणायचं, ते मला त्या भाषेत कुणी कधी म्हटलेलंच नव्हतं. मी ‘दुखतंय का?’ एवढंच विचारायचे, पुस्तकातल्यासारखं. ‘अगं माझी सोनी ती, बघू बघू, कुठे लागलं’ हे आतल्या आत राहायचं. हळूहळू तिचं मला काही सांगणंही तुटक होत गेलं. शेवटी वाणीतज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी पहिल्या भेटीत विचारलं, ‘तिचे लाड तुम्ही कुठल्या भाषेत करता?’ मला रडू आलं. त्याच संध्याकाळी मी मराठीवर परत आले. ते आठ महिने मला अजून बोचतात, म्हणून हे इतकं लांबवून लिहिलं.

बालवाडीत गप्प राहण्याचं म्हणाल, तर नव्या भाषेत पडलेली कितीतरी मुलं काही आठवडे, कधी काही महिने नुसती ऐकत असतात. तेवढ्यावरून घाबरू नये. पण खरी शंका असेल तर तपासून घ्यावं, आणि सुरुवात कानांपासून करावी. दोन वर्षांच्या मुलाला ५० शब्दही येत नाहीत आणि दोन शब्द जोडता येत नाहीत, तर दाखवावं असं मानतात. मात्र ते शब्द सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे: ‘पाणी’ मराठीतलं, ‘नीरु’ कन्नडमधलं आणि डचमधलं जे येत असेल ते. बोलण्यात खरंच दोष असेल तर तो मुलाच्या सगळ्या भाषांत दिसतो. एक भाषा काढून घेतल्याने तो जात नाही, आणि दोन भाषा दिल्याने येतही नाही.

आता डचची काळजी. तुमच्या शेजारीच, बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या भागात, आनिक द हाउअर या संशोधिकेने १,८९९ कुटुंबांची माहिती घेतली होती. ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. ही सगळी कुटुंबं अशी, जिथे निदान आई किंवा वडील घरात डचखेरीज दुसरी भाषा बोलत होते. या घरांतल्या मुलांना डच येतच होतं. पण साधारण चारातलं एक मूल घरची ती दुसरी भाषा बोलत नव्हतं. जिथे दोन्ही पालक घरात ती दुसरीच भाषा बोलत आणि डचला उंबऱ्याबाहेर ठेवत, तिथे जवळजवळ सगळी मुलं ती बोलत होती. म्हणजे डच येणारच आहे. शाळा, रस्ता, मित्र, फुटबॉल, सगळं तिच्या बाजूने उभं आहे. मराठीच्या बाजूने आइंडहोवनमध्ये तुम्ही एकट्या आहात.

म्हणून मराठीला घरात तिचं काम नेमून द्या. भाषा ‘शिकवायची’ म्हणून मूल बोलत नाही, तिच्यावाचून अडतं म्हणून बोलतं. आमच्याकडे आंघोळ, केस विंचरणं, पोळ्या आणि झोपतानाची गोष्ट हे मराठीचं आहे. या वेळांना मी दुसरी भाषा आणत नाही. त्याने डचमध्ये उत्तर दिलं तर ‘मला कळलं नाही, मराठीत सांग’ असं सारखं म्हणू नका. तुम्हाला कळलंय हे त्याला ठाऊक असतं, आणि ते खोटं त्याला लागतं. माझा धाकटा दारातून ओरडतो, ‘मामा, वो इस्ट माइन रुकझाक?’ मी म्हणते, ‘दप्तर? दप्तर कुठे बरं टाकलंस? सोफ्यावर की दाराशी?’ तो म्हणतो, ‘दाराशी.’ त्याला हवा असलेला शब्द मी पुढे केला आणि त्याला मराठीतच उत्तर देता येईल असा प्रश्न टाकला. दिवसातून वीस वेळा हे करावं लागतं. दमायला होतं, खरंच. (ही जर्मन ‘मामा’ म्हणजे आई. सांगलीला त्याने अशी हाक मारली तर माझा भाऊ मागे वळून ‘काय रे?’ म्हणाला.)

राहिलं कन्नड. तुमच्या नवऱ्यानेही मुलाशी कन्नडच बोलावं, तुमच्या देखत, तुम्हाला सगळं कळत नसलं तरी. वर्षभरात तुम्हालाही कळायला लागेल. अण्णा-अक्का तुमच्या दोघांच्या घरात आधीपासून आहेतच. तुम्ही दोघं आपसात इंग्रजी बोलता ती तशीच राहू द्या. मूल तीही उचलेल. पण मुलाकडे तोंड वळलं की जो तो आपल्या भाषेवर यायला हवा. पुढच्या भेटीत युफना हे असंच सांगा, शांतपणे: डच तुम्ही द्या, ती तुम्हाला आमच्यापेक्षा चांगली देता येते.

मला लिहायची सवय नाही, लेकीच्या मुलाकडून लिहून घेतलंय. धाकटा मुलगा जर्मनीत म्युनिकला असतो. सून तिकडचीच, गुणाची आहे. नात ६ वर्षांची. दर रविवारी फोन लावतात. नात ‘हॅलो आजी’ म्हणती आणि पळती. मुलगा म्हणतो तिला कळतं सगळं, बोलता येत नाही. माझी भाषा गावाकडची. ती तसं शिकली तर तिला लोक हसतील म्हणून मी शुद्ध बोलायला जाते, मग मलाच काही सुचत नाही. – एक आजी, कऱ्हाड

आजी, नमस्कार. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

पहिली गोष्ट शुद्धची. ते सोडून द्या. ‘कुठं चाललीयास’, ‘काय करतीयास’ असंच बोला. तुमच्या तोंडची भाषा तुम्ही आवरून धरलीत तर नातीला मिळेल ते कुणाचंच नसलेलं मराठी. माझ्या सासूबाई इथल्याच श्वाबिया भागातल्या. त्या घराला ‘हाउस’ म्हणत नाहीत, ‘हॉइसले’ म्हणतात, इवलंसं घर अशा लाडाने. माझी मुलं शाळेत शाळेचं जर्मन बोलतात आणि आजीकडे गेली की आजीचं. त्यांना कुणी हसत नाही, आणि मुलांची गल्लतही होत नाही. कऱ्हाडच्या आजीचं कऱ्हाडी मराठी नातीला असंच पेलेल. पुस्तकातलं मराठी तिला पुढे पुस्तकातून मिळेल, ‘चाललीयास’ मात्र तुमच्याखेरीज म्युनिकमध्ये तिला कोण देणार?

दुसरं, रविवारचा फोन. त्यात आपण काय करतो? ‘जेवलीस का? काय जेवलीस? शाळा कशी आहे? बाबाला त्रास देत नाहीस ना?’ ही तोंडी परीक्षा झाली. मोठ्या माणसालाही तिथून पळावंसं वाटेल. त्यापेक्षा रोज दहा मिनिटं ठेवा, आणि हातात काहीतरी काम घेऊन बसा. उन्हाळ्यात तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा तिच्याकडे चार. ऑक्टोबरच्या शेवटी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा तुम्ही साडेआठला बसायचं. फोन कशाला तरी टेकवून ठेवा आणि मेथी निवडा, लसूण सोला. सुनेला सांगा, त्याच वेळी नातीपुढे वाटाण्याच्या शेंगा आणि एक वाटी ठेव म्हणावं. दोघी सोलत बसा. बोलायलाच हवं असं नाही. मधेच तुम्ही म्हणाल, ‘अगं बया, हिच्यात किडा निघाला’, आणि ती वाकून बघेल.

माझी आई हे न शिकवता करायची. फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ती दिवाळीच्या करंज्या करत होती. धाकटा तेव्हा ५ वर्षांचा. तो सारखा विचारायचा, ‘आजी, किती झाल्या?’ आई म्हणाली, ‘मला कुठे मोजायला सवड आहे? तू मोज.’ झालं. त्याला नोकरी लागली. आई करंजी उचलून दाखवायची आणि हा मोजायचा. तेविसाच्या पुढे अडला, थोडा थांबला आणि म्हणाला, ‘चार आणि वीस!’ कारण जर्मनमध्ये चोविसाला ‘फिअर-उंड-त्स्वान्त्सिग’ म्हणतात, चार आणि वीस. आई म्हणाली, ‘बरोबर, चोवीस. चो म्हणजे चार, वीस म्हणजे वीस.’ त्याचे डोळे केवढे मोठे झाले! आपण आणि जर्मन दोघंही एकक आधी बोलतो हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ अशा संख्यावाचनावरून आपल्याकडे किती वाद झाला ते तुमच्या नातवाला कदाचित आठवत असेल. मुंबई-पुण्याच्या मुलांना काय सोपं ते मला सांगता येणार नाही, पण तुमच्या म्युनिकच्या नातीला जुनं ‘एकवीस, बावीस’ घरचंच वाटेल. तिला मोजायला द्या. करंज्या, शेवग्याच्या शेंगा, अंगणात आलेल्या चिमण्या, काहीही.

आणि गोष्ट सांगत असाल तर ती पुरी करू नका. राजाची लेक विहिरीत डोकावली, आणि ‘पुढचं उद्या, माझा डोळा लागतोय.’ दुसऱ्या दिवशी तीच फोन लावेल.

एक निरोप तुमच्या मुलासाठी, हे पान त्याला पाठवा. बाबा रे, ‘तिला कळतं’ म्हणजे अर्धी विहीर खणून झाली आहे, पण पाणी तुझ्या हातून लागायचं आहे. आजी दहा मिनिटं देईल, उरलेला दिवस तुझा. कामावरून सातला दमून येऊन जर्मन सोपं जातं हे मी रोज बघते. तरी दारातून आत पाऊल टाकल्यावर पहिलं वाक्य तिच्याशी मराठीत बोल. पहिलं वाक्य ज्या भाषेत जातं, पुढची संध्याकाळ बहुतेक त्याच भाषेत जाते. बायकोला कळत नसेल तर तिलाही सांग, तिला बाहेर बसवू नकोस.

आम्ही १२ वर्षांनी शारजाहून पुण्याला परत येतोय. मुलगी १० वर्षांची, तिथल्या भारतीय शाळेत हिंदी शिकली. घरी मराठी छान बोलते. इथे शाळेत मराठी सक्तीचं आहे म्हणे. तिला जमेल का? वाचायला दिलं तर सगळं हिंदीसारखं वाचते. – एक बाबा

जमेल, आणि लवकर जमेल. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या शाळांत मराठी सक्तीचं झालं, मंडळ कुठलंही असो. ते वर्षावर्षाने वरच्या इयत्तांत चढवत नेलं. प्रवेश घेतानाच शाळेला विचारा की बाहेरून आलेल्या मुलांसाठी काय सोय आहे.

तुमच्या मुलीला लिपी येते आणि भाषाही येते, फक्त दोघींची गाठ पडलेली नाही. तिला मोठ्याने वाचू द्या आणि दोनच ठिकाणी थांबवा. एक ‘ळ’. दुसरं च-ज-झ. आपण एकाच अक्षराचे दोन उच्चार करतो आणि ते लिहून दाखवत नाही. ‘चमचा’ म्हणताना जीभ दातांमागे जाते, ‘चमचे’ म्हटलं की शेवटचा च टाळूकडे सरकतो. ‘जरा थांब’मधला ज वेगळा, म्हातारपणाच्या ‘जरा’मधला वेगळा. बोलताना ती हे सगळं बरोबर करत असणार, कारण कानाने शिकली आहे. कागद दिसला की हिंदीची सवय पुढे येते. अशा वेळी पुस्तक मिटा आणि म्हणा, ‘आता हेच मला सांग, वाचू नकोस.’ तिचा तिलाच फरक ऐकू येईल. महिनाभर दुकानांच्या पाट्या आणि पीएमपीच्या बसवरची नावं वाचायला लावा. शुद्धलेखन नंतर बघू.

मी १५ वर्षांची आहे. बाझलला राहते. आई स्विस आहे, बाबा मराठी. माझं मराठी फक्त बाबांकडून आलंय. सुट्टीत पुण्याला गेलो की मी ‘मी येतो’, ‘मी खाल्लो’ असं काहीतरी म्हणते आणि सगळे हसतात. आत्या तर इतरांना बोलावून पुन्हा बोलायला लावते. आता मला तिथे बोलावंसं वाटत नाही. त्यांना वाटतं मला मराठी येत नाही. (पत्र रोमन लिपीत होतं, आम्ही देवनागरीत केलं.)

तुला मराठी येतं. हे पत्र तू मराठीत लिहिलंस.

तू ‘मी येतो’ म्हणतेस कारण ज्या एकाच माणसाकडून तू मराठी घेतलंस तो पुरुष आहे. तो ‘मी येतो’ म्हणतो, तू ते तसंच उचललंस. म्हणजे तू फार नीट ऐकतेस. आणि एक गंमत सांगते. कोल्हापूरकडे कितीतरी मुली आणि बायका ‘मी जातो’, ‘मी येतो’ असंच म्हणतात, आणि तिथे त्याला कुणी चूक म्हणत नाही. मी सांगलीची, माझ्या वर्गातल्या निम्म्या मैत्रिणी तशाच बोलायच्या. ‘मी खाल्लो’ मात्र सहसा कुणी म्हणत नाही. तिथे ‘मी खाल्लं’. खाल्ला लाडू, खाल्ली पोळी, खाल्लं आइस्क्रीम. जे खाल्लंस त्याप्रमाणे ते बदलतं, तू मुलगी की मुलगा याचा तिथे संबंध नाही.

हसण्याचं म्हणशील तर मी तुझ्या बाजूची आहे. माझी मुलगी ८ वर्षांची असताना सांगलीला लग्नात म्हणाली, ‘आई, माझा पोट दुखतो.’ खोलीत दहा-बारा बायका होत्या, सगळ्या हसल्या. प्रेमानेच हसल्या, पण ती चार दिवस कुणाशी एक अक्षर बोलली नाही. तिचं पोट खरंच दुखत होतं, तेही कुणी विचारलं नाही. जर्मनमध्ये पोट ‘तो’ असतो, देअर बाउख. तिने तिकडचं लिंग इकडे आणलं होतं, एवढीच ती चूक. मी त्या बायकांना तेव्हाच काही बोलायला हवं होतं आणि बोलले नाही. म्हणून आता इथे, हे वाचणाऱ्या प्रत्येक आत्याला, मावशीला, काकाला सांगते: परदेशातून आलेलं मूल मराठीत चुकलं तर बरोबर वाक्य सहज आपल्या उत्तरात म्हणा. ‘पोट दुखतंय होय? कुठे दुखतंय, दाखव.’ बस. त्याला पुन्हा बोलायला लावून माणसं गोळा करू नका.

तुला बाईमाणसाचं मराठी कानावर पडायला हवं. पुण्यात तुझ्या वयाची एखादी चुलत किंवा आत्तेबहीण असेल तर तिच्याशी फोनवर बोलके निरोप पाठवायचं ठरव, लिहून नाही, आवाजात. ती दिवसभरात काय ‘केलं’, कुठे ‘गेले’, कशाला ‘कंटाळले’ हे सांगेल, आणि तुझं ‘गेलो’ आपोआप ‘गेले’ होईल. बाबांना यात पाडू नकोस, त्यांच्या तोंडी ‘गेलो’च बरोबर आहे.

आत्याशी मात्र तुलाच बोलावं लागेल. सगळ्यांसमोर नको. ती स्वयंपाकघरात एकटी असेल तेव्हा जवळ जाऊन म्हण: ‘आत्या, तू हसलीस की मला बोलावंसं वाटत नाही. माझं चुकलं तर काय म्हणायचं ते सांग, मी लगेच म्हणते.’ शेवटचं ते ‘म्हणते’ आधी घरी दोन-चार वेळा मोठ्याने म्हणून बघ.